कौलारू घरापासून कन्व्हेयन्सपर्यंत

सोसायटीला २५ वर्षं पूर्ण झाली म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं, तेव्हा "परिसराचा इतिहास" हा लेख माझ्या वाट्याला आला. मी निवृत्त शिक्षक, त्यामुळे रिकामा असणार असा सगळ्यांचा समज. माहुली किल्ला, तानसा-भातसाची धरणं, मुरबाडकडचा नाणेघाट, सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ ला हुतात्मा झालेले भाई कोतवाल आणि हिराजी पाटील, यांच्यावर लिहिता आलं असतं. पण ते आपल्या मुलांच्या शाळेच्या प्रत्येक अंकात येतं. मी घरांचा इतिहास लिहायला घेतला.

त्याला कारण आहे. गेल्या दिवाळीपासून आपल्या जिन्यात, पार्किंगमध्ये आणि आसनगाव स्टेशनच्या रिक्षात एकच विषय चालू आहे. इमारत दुरुस्त करायची की पाडून नवी बांधायची? पाडली तर किती जागा जास्त मिळणार? फ्लॅटचा भाव किती होणार? हा प्रश्न आपल्याला नवा वाटतो, पण शहापूर आणि मुरबाडच्या गावागावांत तो आपल्या आधीच्या दोन पिढ्यांनी सोडवला आहे. काहींनी नीट सोडवला, बऱ्याच जणांनी चुकवला. त्यांचं काय झालं ते आठवून मग आपण आपलं ठरवावं, एवढ्यासाठी हा लेख.

शाकारणीचं घर

आपल्यातले निम्म्याहून जास्त सभासद या दोन तालुक्यांतल्या खेड्यांतून आलेले. त्यांना जुनं घर समजावून सांगायला नको. पुढे पडवी, मग ओटी, आत माजघर, बाजूला गोठा, वर माळा. खांब आणि तुळया सागाच्या नाहीतर ऐनाच्या. आतल्या भिंती कारवीच्या कुडाच्या, वरून माती-शेणाचा लेप. छपरावर गावच्या कुंभाराची नळीची कौलं.

या घराला विकायची किंमत अशी नव्हतीच. कुणी कुणाचं घर विकत घेत नसे. घराची किंमत होती ती दरवर्षीच्या मेहनतीत. आपल्याकडे पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे वैशाखात शाकारणी करायचीच. कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, कुजलेला वासा बदलायचा, पुन्हा कौलं चढवायची. एक वर्ष चुकलं तर घर गळायचं, दोन वर्षं चुकली तर वासे जायचे, आणि चार वर्षं कुणी लक्ष दिलं नाही तर आढं खाली यायचं. लाकूड शंभर वर्षं टिकतं ते शाकारणीच्या जोरावर.

रेल्वे आणि मंगलोरी कौल

आपल्या शहापूर तालुक्याचं जुनं नाव कोळवण. डोंगर, जंगल आणि त्यातून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता, अशी याची ओळख. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. पुढच्या वर्षी ती कल्याणला आली, १८५५ ला वासिंदला, १८६० ला आसनगावला आणि १८६१ ला कसाऱ्याला. थळघाट चढून इगतपुरी गाठायला १८६५ उजाडलं.

गाडीबरोबर बाहेरचा माल आला. त्यात घरांच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे मंगलोरी कौल. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ च्या सुमारास या सपाट, एकमेकांत अडकणाऱ्या कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती कौलं सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. ज्याला परवडलं त्याने नळीची कौलं उतरवून मंगलोरी चढवली. आपल्या भागातलं पहिलं "रिनोव्हेशन" म्हणायचं तर हेच. पण हेतू राहण्याचा होता, विकण्याचा नव्हता.

मुरबाडला मात्र गाडी आली नाही. तिथे "रेल्वे येणार" ही बातमीच पिढ्यान्पिढ्या आली, आणि त्या बातमीवर कित्येक प्लॉट विकले गेले.

जमीन कुणाची, घर कुणाचं

घराला किंमत आली ती जमिनीच्या कायद्यांमुळे, हे आपण विसरतो. १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक होण्याची वाट करून दिली. मालकाच्या जागेवर कुळाने बांधलेल्या राहत्या घरालाही त्या कायद्याने संरक्षण दिलं. त्याच कायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन सरळ विकत घेता येत नाही.

दुसरा कायदा आदिवासींच्या जमिनीचा. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाड तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. महसूल अधिनियमाच्या कलम ३६ अ प्रमाणे आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर आदिवासीकडे जाऊ शकत नाही. १९७४ च्या कायद्याने तर अशी गेलेली जमीन परत देण्याचीही सोय केली. तरीही "स्वस्तात आहे, दुसऱ्याच्या नावावर घेऊन ठेवू" म्हणून पैसे घातलेले लोक माझ्या पाहण्यात आहेत. त्यांनी घर बांधलं, झाडं लावली, बोअरवेल मारली. खालची जमीन त्यांची कधी झालीच नाही. कायदा ज्याच्यासाठी केला त्याचं रक्षण करणारच. घेणाऱ्याने तो आधी वाचायला हवा होता.

मग शहरातल्या माणसाला कायदेशीर काय घेता येई? बिनशेती प्लॉट, किंवा गावठाणातलं जुनं घर. म्हणून जुन्या घरांना गिऱ्हाईक आलं. १९९० नंतर कल्याण-डोंबिवलीचे भाव चढले, हातात थोडे पैसे असलेली माणसं शनिवार-रविवारसाठी माळशेजच्या रस्त्याला, माहुलीच्या पायथ्याला जागा बघू लागली. पडकं घर घ्यायचं, दुरुस्त करायचं किंवा पाडून स्लॅबचं बांधायचं, आणि काही वर्षांनी विकायचं, हा धंदा आपल्याकडे तेव्हापासूनचा.

आजोळच्या घराची गोष्ट

माझं आजोळ मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या पुढे. घर पाच खणी, बारा सागवानी खांब. आजोबा १९८१ साली गेले. मृत्युपत्र नव्हतं. घर गावठाणात, म्हणजे सातबारा नाही, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला आजोबांचं नाव, तेवढाच काय तो कागद. थोरले मामा गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर गावी येऊन राहिले. मधले उल्हासनगरला, धाकटे कल्याणला. दोन बहिणी, त्यातली एक माझी आई.

शाकारणी थोरल्या मामांनी एकट्याने किती वर्षं करायची? पैसे मागितले की बाकीचे म्हणत, "राहता तुम्ही, मग खर्च आम्ही का द्यायचा?" आणि मामा म्हणत, "वाटणीला सगळे, मग दुरुस्तीला मी एकटा का?" दोन्ही बाजूंचं बरोबर होतं. त्यात घर गळत राहिलं.

१९९६ साली कल्याणचे एक गृहस्थ आले आणि ७० हजार बोलले. तोवर वारस अकरा झाले होते. आमच्यातल्या कुणालाही त्या अकरा जणांना एकत्र आणायचा हुरूप नव्हता. त्या गृहस्थांना होता. ते एकेकाच्या घरी गेले, गाडीभाडं दिलं, सह्या घेतल्या. आईच्या सहीसाठी आमच्याकडे दोनदा आले, दोन्ही वेळा पेढे घेऊन. सगळ्या सह्या झाल्यावर महिन्याभरात घर उतरवलं. बारा खांब आणि तुळया ट्रकने जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे गेल्या. निम्मे पैसे त्यातच सुटले असं गावात बोललं गेलं. मग त्यांनी जागेची मोजणी करून घेतली, ग्रामपंचायतीत आपलं नाव लावलं, स्लॅबचं छोटं घर बांधलं आणि सात वर्षांनी साडेचार लाखांना विकलं.

मामा लोक पुढे कितीतरी वर्षं "फसवलं, फसवलं" म्हणत राहिले. आई एकदाच बोलली. ती म्हणाली, "त्याने काय फसवलं? आपण अकरा जणं कधी एका ओटीवर बसलोच नाही, त्याने बसवलं. त्याचे पैसे घेतले त्याने."

मला हे कळायला उशीर लागला. घराचा भाव गळक्या छपरामुळे पडला असं आम्ही समजत होतो. छपराचा खर्च दहा-बारा हजारांचा होता. भाव पडला होता तो अकरा सह्यांमुळे. गृहस्थांनी भिंती दुरुस्त करून नफा कमावला नाही. त्या तर त्यांनी पाडल्याच. त्यांनी कागद दुरुस्त केला.

हे फक्त आपल्याकडेच नाही

गोव्यात गेलेल्यांनी कुलूप लागलेली मोठमोठी जुनी घरं पाहिली असतील. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याने जोडीदाराचा आणि मुलांचा हिस्सा पक्का असतो, त्यामुळे एका घराला वारस अनेक, आणि ते मुंबईपासून लिस्बनपर्यंत पांगलेले. सगळ्यांचं जमेपर्यंत छप्पर खाली येतं. मग ज्याला सगळ्यांना गाठायची चिकाटी आणि वकिलाचे पैसे परवडतात, तो घर घेतो, नीट करतो आणि भारी भावाने विकतो.

मुंबईच्या चाळींची गोष्ट थोडी वेगळी. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूला संरक्षण मिळालं, ते गरजेचंही होतं. पण तेवढ्या भाड्यात मालक दुरुस्ती करेना आणि इमारत आपली नाही म्हणून भाडेकरू करेना. शेवटी सरकारला १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. माझ्या मामांच्या ओटीवरचं भांडण आणि चाळीतलं भांडण यात मला फारसा फरक दिसत नाही. मालकी कुणाची हे जिथे धड ठरलेलं नसतं, तिथे दुरुस्ती कुणाचीच नसते.

गावठाणांचा हा घोळ आता थोडा सुटतो आहे. लहान गावांच्या गावठाणांचं नगर भूमापन पूर्वी झालंच नव्हतं. अलीकडे ड्रोनने मोजणी सुरू झाली. त्याची सुरुवात आपल्या राज्यात पुरंदरच्या सोनोरी गावापासून झाली, आणि २०२० पासून स्वामित्व योजना देशभर आली. त्यातून घरमालकाला मालमत्ता पत्रक मिळतं. ज्यांची गावी घरं आहेत त्यांनी तिथे सर्व वारसांची नावं लागली आहेत का, हे जाऊन बघावं. लेकी-बहिणींचीही. वडिलोपार्जित मालमत्तेत महाराष्ट्राने मुलींना १९९४ सालीच समान हक्क दिला आणि २००५ साली तो देशभर झाला. समृद्धी महामार्गाला आपल्या तालुक्यातल्या जमिनी गेल्या तेव्हा वारसनोंदी वेळेवर केलेल्यांचा मोबदला आणि न केलेल्यांची भांडणं, दोन्ही आपण जवळून पाहिली.

आता आपल्या इमारतीकडे

आपण २८ कुटुंबं १९९९-२००० मध्ये इथे राहायला आलो. माझा फ्लॅट २ लाख ४० हजारांचा, त्यासाठी पतपेढीचं कर्ज आणि सौ.च्या पाटल्या. पाणी टँकरचं, रस्ता मुरमाचा. गणपतीत पहिल्या वर्षी मंडप बांधायला बांबू मिळेनात तेव्हा बिल्डरच्या परांचीचे उरलेले बांबू आपण वापरले, ते जुन्यांना आठवत असेल. सोसायटी नोंदली गेली तेव्हा आपण पेढे वाटले. आणि "झालं सगळं" म्हणून घरी गेलो.

सगळं झालं नव्हतं. १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांच्या कायद्याप्रमाणे बिल्डरने जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून द्यायची असते. करारात वेगळी मुदत नसेल तर नियमाने सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत. यालाच कन्व्हेयन्स किंवा अभिहस्तांतरण म्हणतात. आपलं ते आजपर्यंत झालेलं नाही. मागच्या महिन्यात मी सातबारा काढला. त्यावर आजही मूळ जमीनमालकाच्या कुटुंबाची नावं आहेत, आणि त्यातली दोन माणसं आता हयात नाहीत. पंचवीस वर्षं आपण घरपट्टी भरतो, लादी बदलतो, ग्रील लावतो, स्वयंपाकघराला ग्रॅनाइट बसवतो. आणि खालची जमीन कागदावर दुसऱ्याची.

म्हणजे माझ्या आजोळचंच घर झालं की हे! तिथे अकरा सह्या होत्या, इथे आपल्या २८, शिवाय बिल्डर आणि जमीनमालकाचे वारस. दर वर्षी त्यात भर पडते आहे.

दिवाळीनंतर ज्या विकासकाची माणसं आली, त्यांनी वाढीव जागेचा आणि नव्या फ्लॅटचा आकडा सांगितला. माझा पुनर्विकासाला विरोध नाही. पण तो आकडा ऐकून आपण हरखलो आणि एकानेही विचारलं नाही, की कन्व्हेयन्स नसताना वाढीव चटईक्षेत्रावर हक्क कुणाचा? तो वाद आपण सोडवला नाही तर दुसरं कुणीतरी सोडवेल आणि त्याची किंमत आपल्या जागेतून वळती करेल. पेढे घेऊन येईल, गोड बोलेल.

बिल्डर करून देत नसेल तरी मार्ग आहे. २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स, मिळवता येतं. सक्षम प्राधिकारी म्हणजे सहकारी संस्थांचे जिल्हा उपनिबंधक. सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, प्रत्येकाचा नोंदलेला करारनामा आणि इंडेक्स टू, मंजूर नकाशा, सातबारा, असे कागद लागतात. बिल्डर आणि जमीनमालकाला नोटीस जाते, सुनावणी होते, आदेश निघतो. पण आदेश हातात आला म्हणून थांबायचं नाही. मुद्रांक, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी आणि शेवटी तलाठी कार्यालयात फेरफार. सातबाऱ्यावर सोसायटीचं नाव लागलं की काम पुरं झालं. ज्यांचे मूळ करारनामे सापडत नाहीत त्यांनी आत्ताच नोंदणी कार्यालयातून नक्कल काढून घ्यावी. ज्या फ्लॅटचे मूळ सभासद वारले त्यांच्या वारसांनी सोसायटीकडे नाव लावून घ्यावं.

आणि शाकारणी?

दुसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या चुकीची आहे, आणि मी काही वर्षं खजिनदार होतो म्हणून ती माझीही आहे. आदर्श उपविधीप्रमाणे दर वर्षी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड आणि ०.७५ टक्के दुरुस्ती निधी घ्यायचा असतो. बांधकाम खर्च तीन लाख धरला तरी वर्षाला ३,००० रुपये, म्हणजे महिन्याला २५०. आपण दोन्ही मिळून ५० रुपये घेतले, कारण सर्वसाधारण सभेत कुणी वाढवू देत नसे. २५ वर्षांत २८ फ्लॅटचे व्याज सोडून २१ लाख जमायला हवे होते. जमले ४ लाख २० हजार, आणि तेही गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला लागले. आपण शाकारणी चुकवली. आता म्हणतो, इमारत जुनी झाली.

ती खरोखर किती जुनी झाली ते आपल्यापैकी कुणालाच माहीत नाही. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. आपलं एकदाही झालेलं नाही. ते झालं तर दुरुस्तीत भागणार की पाडावीच लागणार, हे इंजिनिअर सांगेल. जिन्यातल्या चर्चेतून ते ठरणार नाही.

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेत मी क्रम सुचवणार आहे. आधी कन्व्हेयन्सचा अर्ज. त्याच्याबरोबरच ऑडिट, आणि दुरुस्ती निधी नियमाप्रमाणे. मग पुनर्विकासाची चर्चा, आणि ती ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे. त्यासाठी सभेला दोन तृतीयांश सभासद हजर लागतात आणि एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते. हवं तर विकासकाशिवाय स्वयंपुनर्विकासाचाही विचार करता येईल, पण तो जमीन आपल्या नावावर असणाऱ्यांनीच करावा.

ज्यांना फ्लॅट विकून मुलांकडे पुण्याला जायचं आहे त्यांनाही हे फायद्याचं आहे. ज्यांना इथेच शेवटपर्यंत राहायचं आहे त्यांना तर आहेच. मी दुसऱ्या गटातला.

आजोळच्या घराचा एक तुकडा माझ्याकडे आहे. घर उतरवताना थोरल्या मामांनी देवळीतली एक छोटी सागवानी फळी काढून आईला दिली होती. ती आमच्या दिवाणखान्यात आहे, त्यावर टेलिफोन ठेवायचो, आता चष्मा असतो. पाच खणी घरातून आम्हा अकरा जणांत एवढीच वस्तू उरली. आपण २८ जण आहोत, ओटीच्या जागी आपल्याकडे गच्ची आहे, आणि सभेची तारीख फळ्यावर लिहिलेली आहे. त्या दिवशी सगळ्यांनी वर या. येताना करारनाम्याची झेरॉक्स घेऊन या.